जावास्क्रिप्टचे प्लग-इन : एडिटर आपला, नियम प्रोजेक्टचे



जर्मनीत नव्याने नोकरीला लागलेल्या आपल्या मुलामुलींकडून एक प्रश्न अधूनमधून हमखास येतो. "दादा, जावास्क्रिप्टवर काम मिळालंय. एडिटरमध्ये कुठले कुठले प्लग-इन टाकू?" मग ज्याला विचारलं तो आपली यादी पाठवतो. यादीत दहा-पंधरा नावं. दुसरा म्हणतो, छे, यातले चार काढ आणि हे सहा घाल. तिसरा म्हणतो, मुळात एडिटरच बदल. सगळ्यांचा हेतू चांगला असतो आणि विचारणाऱ्याचं कामही तात्पुरतं भागतं. पण या याद्यांनी फायद्यापेक्षा तोटाच जास्त होतो, असं माझं मत आहे. आणि तो तोटा आपल्या लोकांना जरा जास्तच बसतो. कसा ते सविस्तर लिहितो.

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी मत आधीच सांगून टाकतो. एडिटर ज्याचा त्याचा असावा. पण कोड कसा लावायचा आणि कशाला चूक म्हणायचं, हे नियम प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये, लेखी आणि आवृत्तीच्या आकड्यासकट असावेत. प्लग-इनचं काम ते नियम वाचून दाखवण्यापुरतं. आणि असे प्लग-इन जितके कमी तितके बरे.

१) श्लाम्पिश

जर्मनमध्ये 'श्लाम्पिश' असा एक शब्द आहे. अर्थ गबाळं, अजागळ. पुणे आणि जर्मनी असं दोन टोकांना वाटलेलं काम ज्यांनी केलंय, त्यांच्या कानावरून हा शब्द कधी ना कधी गेला असेल. उन्हाळ्यात साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार तास पुढे असलेल्या पुण्याहून एक बदल येतो. जर्मनीतला सहकारी सकाळची कॉफी घेऊन तो उघडतो आणि बघतो तर चारशे ओळींची अख्खी फाइल लाल-हिरवी झालेली. खरा बदल दोन ओळींचा. मग बाकीच्या तीनशे अठ्ठ्याण्णव ओळींत काय बदललं? डोळ्यांना दिसेल असं काहीही नाही. फक्त ओळीच्या शेवटची खूण बदलली. विंडोजच्या पद्धतीत ओळ संपवायला दोन अदृश्य अक्षरं लागतात, लिनक्स आणि मॅकवर एकच. एकाचा एडिटर सेव्ह करताना एक प्रकार लिहितो, दुसऱ्याचा दुसरा, आणि गिटच्या दृष्टीने प्रत्येक ओळ नवी.

एकदा झालं तर लोक हसून सोडून देतात. आठवड्यात तीनदा झालं की बोलण्याचा सूर बदलतो. "या कमिटमध्ये गडबड आहे" याच्या जागी "पुण्याहून येणारा कोड असाच असतो" हे वाक्य येतं. मी अशा रिव्ह्यूत दोन्ही बाजूंना बसलोय. एका प्रोजेक्टवर पुण्याच्या मुलीचं लॉजिक चोख होतं, टेस्ट व्यवस्थित लिहिल्या होत्या, पण तिथपर्यंत पोचायचा धीर रिव्ह्यू करणाऱ्याकडे उरलाच नाही. अर्धा तास सगळी चर्चा मोकळ्या जागा आणि स्वल्पविराम यांवर. तिकडे तिचा समज असा की या जर्मन माणसाला खुसपटं काढायची सवयच आहे. दोघंही आपापल्या जागी बरोबर. भांडण त्यांच्या प्लग-इनचं चाललं होतं, आणि ते दोघांपैकी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

इथे नव्याने आलेल्या माणसाचे पहिले सहा महिने बहुधा 'प्रोबेत्साइट'चे, म्हणजे परीक्षेचे असतात. त्या काळात कुठलीही बाजू दोन आठवड्यांच्या नोटिशीवर नोकरी संपवू शकते. त्या सहा महिन्यांत तुमच्याबद्दल जे मत बनतं ते तुमच्या कमिटवरूनच बनतं. ते मत एखाद्या न दिसणाऱ्या खुणेवरून बनावं, हे मला पटत नाही. म्हणून हा विषय मला क्षुल्लक वाटत नाही.

२) दोघांचंही बरोबर, तरी भांडण

"पण आम्ही सगळे प्रेटियरच वापरतो की," असं यावर कुणी म्हणेल. नाव एकच असून भागत नाही. प्रेटियर हा कोड ठरावीक वळणाने लावून देणारा फॉरमॅटर जानेवारी २०१७ मध्ये आला. मार्च २०२० च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याच्या मूळ सेटिंगा बदलल्या, जुलै २०२३ च्या तिसऱ्या आवृत्तीत पुन्हा बदलल्या. तिसऱ्या आवृत्तीपासून, फंक्शनची आर्ग्युमेंट्स अनेक ओळींत पसरली असतील तर शेवटच्या आर्ग्युमेंटनंतरही तो आपणहून स्वल्पविराम टाकतो. दुसरी आवृत्ती टाकत नाही. आता पुण्यात दुसरी आणि श्टुटगार्टमध्ये तिसरी असेल तर काय होईल? इकडच्याने सेव्ह केलं की स्वल्पविराम येणार, तिकडच्याने सेव्ह केलं की जाणार. दोघंही "मी काही केलं नाही, एडिटरने केलं" असं म्हणणार, आणि दोघंही खरंच बोलत असणार.

यामागची खोच अशी आहे की व्हीएस कोडमधला प्रेटियरचा प्लग-इन स्वतःबरोबर प्रेटियरची एक प्रत घेऊन येतो. प्रोजेक्टमध्ये प्रेटियर बसवलेला असेल तर प्लग-इन तो वापरतो. नसेल तर खिशातली आपली प्रत काढतो. म्हणजे प्रोजेक्टने काहीच सांगितलं नाही तर निर्णय प्लग-इनच्या खिशावर, आणि प्लग-इन स्वतःहून अपडेट होतो तो कधी, ते ज्याच्या त्याच्या लॅपटॉपवर.

ईएसलिंटचंही तसंच. निकोलस झाकस यांनी २०१३ मध्ये सुरू केलेलं हे साधन कोडमधल्या संशयास्पद जागा दाखवतं. एप्रिल २०२४ मध्ये त्याची नववी आवृत्ती आली तेव्हा नियम लिहायची जुनी पद्धत मागे पडली आणि नवी 'फ्लॅट' पद्धत मूळ ठरली. त्याआधीचे कितीतरी लेख नेटवर अजून तसेच आहेत. नवा मुलगा त्यातला एखादा लेख वाचून जुन्या पद्धतीची फाइल बनवतो, नवं ईएसलिंट ती वाचत नाही, आणि दोन दिवस "प्लग-इन चालत नाही" यात जातात. प्लग-इनचा त्यात काही दोष नसतो.

३) ही सवय लागली कुठून?

माझ्या मते एक्लिप्सपासून. १ ऑगस्ट २००० पासून जर्मनीने संगणकतज्ज्ञांसाठी 'ग्रीन कार्ड' सुरू केलं. त्यावर किंवा त्याच्या आगेमागे इथे आलेल्या आपल्या बऱ्याच जणांनी पुढे एक्लिप्सवरच दिवस काढले. आयबीएमने नोव्हेंबर २००१ मध्ये एक्लिप्स सगळ्यांना खुलं केलं आणि २००४ मध्ये त्याचं स्वतंत्र फाउंडेशन झालं. जावासाठी ते झकास होतं. नाव चुकलं की तिथल्या तिथे लाल रेघ, एका जागी नाव बदललं की सगळीकडे बदल. जावास्क्रिप्टला मात्र सावत्रपणाची वागणूक. त्याचं कारण भाषेतच होतं. जावात व्हेरिएबलचा प्रकार आधी जाहीर करावा लागतो. जावास्क्रिप्टमध्ये तो प्रोग्रॅम चालू असताना ठरतो, वर चालता चालता ऑब्जेक्टला नवी प्रॉपर्टी चिकटवता येते. मग एडिटरने सुचवायचं तरी काय? रंगीत अक्षरं आणि कंसाला कंस जुळवणं, यापुढे गाडी फारशी जात नसे.

ती उणीव भरून काढायला प्लग-इनचं पेव फुटलं. रुमानियाच्या इंटरॲक्ट कंपनीचा जेएसएक्लिप्स होता. ती कंपनी २००६ मध्ये अडोबीने घेतली. अप्टाना होता, तो २०११ मध्ये ॲप्सेलरेटरकडे गेला. २००८ च्या गॅनिमीड आवृत्तीबरोबर एक्लिप्सची स्वतःची जेएसडीटी ही साधनं आली. प्रत्येकाची समज वेगळी, प्रत्येकाच्या खोड्या वेगळ्या. त्या काळात "कुठला प्लग-इन टाकू?" हा प्रश्न अगदी रास्त होता, कारण सगळी अक्कल प्लग-इनमध्येच होती.

आज तशी परिस्थिती नाही. ऑक्टोबर २०१२ मध्ये टाइपस्क्रिप्ट आलं आणि त्याबरोबर जावास्क्रिप्टचे प्रकार ओळखणारं एक पक्कं यंत्र मिळालं. एप्रिल २०१५ मध्ये व्हीएस कोड आला. एक्लिप्सच्या जावा साधनांचं नेतृत्व केलेले एरिक गामा यांनीच मायक्रोसॉफ्टच्या झ्युरिकमधल्या टीमबरोबर तो उभा केला. आणि जून २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्ट, रेड हॅट आणि कोडेन्व्ही यांनी मिळून लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल जाहीर केला. त्याआधी दहा एडिटर आणि दहा भाषा असतील तर शंभर जोडण्या लिहाव्या लागत. आता प्रत्येक भाषेने एक सर्व्हर लिहायचा, प्रत्येक एडिटरने एकदा त्याच्याशी बोलायला शिकायचं, वीस तुकड्यांत काम झालं. एक्लिप्समध्ये आज जावास्क्रिप्टसाठी जो वाइल्ड वेब डेव्हलपर प्लग-इन टाकतात तोही याच वाटेने टाइपस्क्रिप्टच्या यंत्राला विचारतो. थोडक्यात, अक्कल प्लग-इनमधून बाहेर पडली. आपला प्रश्न मात्र वीस वर्षांपूर्वीचाच राहिला.

४) जिना कुणी झाडायचा?

श्टुटगार्टकडे राहणाऱ्यांना 'केऱ्वोखे' माहीत असेल. एका आठवड्यात पहिल्या मजल्यावरच्यांनी जिना झाडायचा, पुढच्या आठवड्यात दुसऱ्या. ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी लटकते. नव्याने आलेल्या मराठी माणसाला याचं हसू येतं, मग राग येतो, आणि वर्षभराने तोच शेजाऱ्याला पाटीची आठवण करून देतो :-) यातली मेख अशी की तुमच्या घरात पसारा किती आहे हे कुणी विचारत नाही. घर तुमचं. जिना सगळ्यांचा, म्हणून त्याचा नियम लेखी आणि दारावर टांगलेला.

एडिटर हे घर आणि प्रोजेक्ट हा जिना. रंग काळा हवा की पांढरा, फॉन्ट कुठला, कीबोर्ड जर्मन की अमेरिकन, हे तुमचं तुम्ही बघा. कीबोर्डचं तर इथे खास दुखणं आहे. जर्मन कीबोर्डवर महिरपी कंस ऑल्टजीआर धरून ७ आणि ० वर, चौकटी कंस ८ आणि ९ वर. विंडोज ऑल्टजीआरला कंट्रोल अधिक ऑल्ट असंच समजतं. त्यामुळे एखाद्या प्लग-इनने कंट्रोल-ऑल्ट-७ हा शॉर्टकट स्वतःकडे घेतला की महिरपी कंस उमटेनासा होतो. जावास्क्रिप्ट लिहिणाऱ्याचे हातच बांधले! असले शॉर्टकट काढून टाका, हवं तर अमेरिकन मांडणी लावा. कुणी हरकत घेणार नाही. जिन्याशी त्याचा संबंध नाही.

जिन्यावर मात्र या गोष्टी टांगलेल्या असाव्यात:

- एडिटरकॉन्फिग नावाची छोटी फाइल. टॅब की मोकळ्या जागा, किती, आणि ओळीच्या शेवटची खूण कुठली, अशा गोष्टी ती सांगते. वेबस्टॉर्म ती आपणहून वाचतो, व्हीएस कोडला त्यासाठी एक प्लग-इन लागतो.

- गिटॲट्रिब्यूट्स फाइल. ओळीच्या शेवटच्या खुणेचा निकाल गिटच्या पातळीवर लागतो, मग कुणी विंडोजवर असो की लिनक्सवर. वरच्या चारशे ओळींच्या भांडणाचं औषध हेच.

- फॉरमॅटर आणि लिंटर प्रोजेक्टच्याच पॅकेज यादीत, नेमक्या आवृत्तीसह, आणि लॉक फाइल गिटमध्ये. म्हणजे प्लग-इन खिशात हात घालणार नाही.

- व्हीएस कोडच्या फोल्डरमध्ये शिफारशीच्या प्लग-इनची फाइल. प्रोजेक्ट उघडला की एडिटर स्वतःच विचारतो, "हे टाकू का?" "दादा, यादी पाठव" हा प्रश्न तिथेच मिटतो. या शिफारशीत तीन नावं पुरतात: ईएसलिंट, प्रेटियर, एडिटरकॉन्फिग. जावास्क्रिप्टची मूळ समज व्हीएस कोडमध्ये आधीपासून आहे, तिच्यासाठी वेगळं काही लागत नाही. ईएसलिंट आणि प्रेटियर या दोघांऐवजी बायोम घेतला तर दोनच.

- हीच तपासणी सर्व्हरवर, प्रत्येक बदलाला. याशिवाय बाकीचं सगळं म्हणजे नुसत्या सदिच्छा. नियम मोडला तर लाल दिवा यंत्राने दाखवावा, माणसाने माणसाला 'श्लाम्पिश' म्हणायची वेळच येऊ नये.

जुन्या प्रोजेक्टला हे लावायचं तर एकदाच सगळा कोड फॉरमॅट करून त्याचं वेगळं कमिट करावं, त्यात दुसरं काही मिसळू नये. "मग प्रत्येक ओळीवर माझं नाव लागेल" अशी भीती अनेकांना वाटते. ऑगस्ट २०१९ पासून, म्हणजे गिटच्या २.२३ आवृत्तीपासून, 'ब्लेम' बघताना अशी कमिटं वगळायची सोय आहे. ती यादीही फाइलमध्ये ठेवता येते.

५) परक्याला किल्ली देताना

आता 'जितके कमी तितके बरे' असं का म्हणतो ते सांगतो. व्हीएस कोडचा प्लग-इन कुठल्याही पिंजऱ्यात चालत नाही. तुमच्या लॉगिनला जे जे वाचता येतं ते ते त्याला वाचता येतं. पंधरा प्लग-इन म्हणजे पंधरा अनोळखी लोकांना घराची किल्ली. लिंटर, फॉरमॅटर आणि त्यांच्या पोटातली पॅकेजं यांचंही तेच.

हे नुसतं घाबरवणं नाही. १२ जुलै २०१८ ला ईएसलिंटच्याच कुटुंबातल्या ईएसलिंट-स्कोप या पॅकेजची विषारी आवृत्ती प्रसिद्ध झाली. सांभाळणाऱ्याने एकच पासवर्ड दुसरीकडेही वापरला होता, तो चोरांच्या हाती लागला. ते पॅकेज बसवणाऱ्यांच्या मशीनवरून एनपीएमच्या किल्ल्या चोरायचा त्यात प्रयत्न होता. जुलै २०२५ मध्ये ईएसलिंट आणि प्रेटियर यांची सांगड घालणाऱ्या पॅकेजचं असंच झालं. सांभाळणाऱ्याला एनपीएमच्या नावाने खोटी ईमेल आली, तो फसला, आणि विंडोजवर बसवतानाच घातक फाइल चालवणाऱ्या आवृत्त्या बाहेर पडल्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये 'ग्लासवर्म' सापडला. तो थेट एडिटरच्या प्लग-इनमधून पसरत होता, आणि त्याचा कोड न दिसणाऱ्या युनिकोड अक्षरांत लपवलेला होता. २००० च्या दशकात युनिकोड मराठी टाइप केलेल्यांना अदृश्य अक्षरं नवीन नाहीत. 'दुसऱ्या'मधला आडवा र उमटवायला आपण शून्य रुंदीचं जोडचिन्ह घालायचो. डोळ्यांना दिसत नाही म्हणजे तिथे काही नाही असं नसतं, हे आपल्याला अनुभवाने माहीत आहे. प्लग-इन स्वतःहून अपडेट होत असल्याने ग्लासवर्म घरात यायला तुम्ही काही करायचीही गरज नव्हती.

ग्लासवर्म सापडला तो मुख्यतः ओपन व्हीएसएक्स या भांडारात. त्याचं मूळ इथलंच, जर्मनीतलं. कील शहरातल्या टाइपफॉक्स कंपनीने ते उभं केलं आणि २०२० च्या अखेरीस एक्लिप्स फाउंडेशनकडे सोपवलं. मायक्रोसॉफ्टच्या प्लग-इन बाजाराच्या अटींनुसार तिथला माल फक्त मायक्रोसॉफ्टच्याच उत्पादनांत वापरता येतो. त्यामुळे व्हीएसकोडियम किंवा थिया वापरणाऱ्यांना दुसरं खुलं दुकान हवं होतं, आणि ते मिळालं ही चांगलीच गोष्ट झाली. पण दुकान खुलं असो वा बंद, किल्ली देताना बघून द्यायला हवी हे दोन्हीकडे सारखंच. २०२५ पासून व्हीएस कोड नव्या प्रकाशकाचा प्लग-इन टाकताना "यावर विश्वास आहे का?" असं विचारतो. डोळे मिटून 'हो' दाबू नका.

६) आणि बेट्रिब्सराट

इथल्या कंपनीत प्लग-इन हा कायद्याचाही विषय होऊ शकतो. १९७२ च्या कायद्यातल्या कलम ८७ नुसार, कर्मचाऱ्यांच्या कामावर किंवा वागण्यावर नजर ठेवू शकेल असं तांत्रिक साधन आणायचं तर कर्मचारी परिषदेची, म्हणजे बेट्रिब्सराटची संमती लागते. नजर ठेवायचा हेतू असायलाच हवा असं नाही, तशी क्षमता असली तरी कामगार न्यायालयांच्या मते पुरे. आता रोज किती मिनिटं टाइप केलं, कुठल्या फाइलवर, हे मोजून तक्ते काढणारे प्लग-इन आठवा. टीम लीडने उत्साहाने सगळ्यांना तो टाकायला सांगितला की प्रकरण तिथे पोचलंच म्हणून समजा. आपली मंडळी बेट्रिब्सराट म्हटलं की "नको ती युनियनबाजी" म्हणून लांब राहतात. पण ही युनियन नव्हे. तिचे सदस्य कंपनीतल्या कर्मचाऱ्यांनी निवडून दिलेले असतात, आणि तिथे विचारणं हा आपला हक्क आहे.

कोड सुचवणाऱ्या एआय प्लग-इनचं दुखणं आणखी वेगळं. सर्व्हर बाहेरचा असेल तर सूचना मिळवायला तुमच्या कोडचे तुकडे कंपनीबाहेर जातात. एप्रिल २०१९ पासून जर्मनीत व्यवसायगुपितांचा वेगळा कायदा आहे, आणि त्यात गुपिताला संरक्षण मिळायचं तर कंपनीने ते जपायची योग्य व्यवस्था केलेली असावी लागते. अशा वेळी मित्राने सुचवला म्हणून खासगी खात्यावरचा एआय प्लग-इन ऑफिसच्या कोडवर चालवणं म्हणजे परीक्षेच्या काळात धोंडा पायावर पाडून घेणं. कंपनीने परवानगी दिलेला असेल तर खुशाल वापरा, मी स्वतः वापरतो. पण परवानगी लेखी बघून.

७) आक्षेप

"एवढे नियम म्हणजे टिपिकल जर्मन नोकरशाही झाली." हा आक्षेप मी आपल्याच लोकांकडून जास्त ऐकतो. मला उलट वाटतं. नियम लेखी नसले की नियम नसतात असं नाही. ते कुणाच्या तरी डोक्यात असतात, आणि ते डोकं बहुधा दहा वर्षं तिथे बसलेल्या माणसाचं असतं. त्याचा फायदा जुन्यांना, तोटा नव्याला. परक्या देशात, परक्या भाषेत नवे आपणच असतो. लेखी नियम सगळ्यात जास्त कुणाच्या उपयोगाचा असेल तर तो नव्याने आलेल्या, जर्मन अजून अडखळत बोलणाऱ्या, जेवणाच्या सुट्टीतल्या गप्पांत नसलेल्या माणसाच्या. फाइल भाषा विचारत नाही.

"आम्ही तिघंच आहोत, आम्हाला कशाला हवं?" हा दुसरा आक्षेप. याला थोडा आधार आहे. तिघं एका खोलीत बसत असतील तर सगळं लगेच हवं असं नाही. पण चौथा माणूस पुण्यात बसला की लागेल. वरच्या पहिल्या दोन फाइली पाच-दहा ओळींच्या असतात. तेवढ्या तरी पहिल्या दिवशी टाकाव्यात.

"माझ्या कंपनीत माझं कोण ऐकतो?" हा तिसरा, आणि हाच खरा अवघड. नव्या माणसाने पहिल्याच आठवड्यात "तुमचं चुकतंय" असं म्हणू नये हे मान्य. पण प्रश्न विचारता येतो. "यासाठी प्रोजेक्टमध्ये फाइल आहे का? नसेल तर मी बनवू का?" जर्मन सहकाऱ्यांना असा प्रश्न आवडतो, असा माझा तरी अनुभव आहे. श्लाम्पिशच्या अगदी उलट छाप त्यातून पडते.

तेव्हा पुढच्या वेळी एखाद्या पोराने "कुठले प्लग-इन टाकू?" असं विचारलं तर यादी पाठवायच्या आधी त्याला तीन गोष्टी विचारा. प्रोजेक्टमध्ये नियमांची फाइल आहे का? फॉरमॅटरची आवृत्ती ठरलेली आहे का? तीच तपासणी सर्व्हरवर होते का? तिन्हींचं उत्तर 'हो' असेल तर त्याला तुमच्या यादीची गरज नाही. एखादं 'नाही' आलं तर त्याच्या हाती पहिल्या महिन्यातलं एक चांगलं काम लागलं, असं त्याला सांगा.

पटलं तर घ्या, नाही पटलं तर कारणासकट कळवा. पुण्याच्या बाजूने काम करणाऱ्यांनी जरूर लिहावं, कारण ही गोष्ट इथून दिसते तशीच तिथून दिसत नाही. जाणकारांनी भर घालावी.